एका आढ्याची दोन घरं

चैत्रातल्या एका दुपारी वानरांची टोळी तांड्यावरून गेली आणि संगीताच्या घराचं छप्पर खचलं.

टोळी तशी नेहमीचीच. जंगलाच्या बाजूने यायची, लिंबावरून घरावर उड्या मारायची, छपराचे दोनचार कवेलू फोडायची आणि पुढे निघून जायची. मागून बायका काठ्या आपटत ओरडायच्या, संध्याकाळी कुणीतरी वर चढून फुटके कवेलू बदलायचं. पण त्या दिवशी एक दांडगा नर आढ्याजवळ धपकन उतरला. आतलं लाकूड उधईनं खाऊन केव्हाच पोकळ केलेलं. ते मोडलं आणि कवेलूंचा ढीग थेट शिलाई मशीनवर आला.

संगीता तेव्हा टाकीवर पाणी भरत होती. आवाज ऐकून धावत आली तर घरभर धूळ, मशीनचं चाक वाकलेलं, आणि कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाउज खापरांखाली. मुलगी अंगणवाडीत होती. ती घरी असती तर त्याच मशीनखाली चिंध्यांशी खेळत बसली असती. हे डोक्यात आलं आणि संगीता दारातच खाली बसली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. "कोणाले लागलं का वं?"

तो मोतीबाईचा आवाज होता, तिच्या चुलतसासूचा. संगीता म्हणाली, "नाई काकी. कोणी नोतं घरात."

ओसरीवर बसलेली सासू, बिजलीबाई, हिने दोन्ही आवाज ऐकले होते. या घरात हे बोलणंच नवल होतं, कारण भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललेली नव्हती.

घर मुळात एकच. संगीताचा सासरा रामसिंग आणि मोतीबाईचा नवरा हिरासिंग या भावांच्या वडिलांनी बांधलेलं. वडील गेल्यावर भावांनी मधोमध भिंत घातली, तीसुद्धा गोडीने. भिंत डोक्याच्या थोडी वर नेली आणि तिथेच सोडली. त्यामुळे आढं एक, छप्पर एक, आणि खाली घरं दोन. एकीकडची फोडणी दुसरीकडे कळायची.

बिनसलं ते आई गेली तेव्हा. आई धाकट्याकडे, हिरासिंगकडे, राहायची. रामसिंग त्या उन्हाळ्यात आदिलाबादकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. निरोप मिळाल्यावर तो निघाला, गाड्या बदलत दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावर पोचला, तोवर राख झाली होती. तो राखेजवळ बसून राहिला, आणि उठला तो भावाच्या अंगणात पाय न ठेवण्याचं ठरवूनच उठला. तेव्हा संगीता या घरात आलीही नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा तिला एवढंच सांगण्यात आलं की त्या बाजूला बोलायचं नाही.

आता छप्पर करावंच लागणार होतं. कवेलू बनवणारा कुंभार आसपास राहिला नव्हता, आणि लाकूड पोकळ असताना नुसते कवेलू घालून उपयोगही नव्हता. नवरा सुनील मालवाहू गाडी चालवायचा. चारचार दिवस बाहेर असायचा. निघताना तो म्हणाला, कापसाचे पैसे आहेत, तुझ्या शिलाईचे आहेत, तू चौकशी कर आणि तुला पटेल त्याला काम दे. रामसिंगनेही मान हलवली. फक्त एक सांगितलं. ठेकेदार कोणीही असो, पलीकडे बोलणं करायचं नाही.

पहिला आला तो बिजलीबाईच्या माहेरचा. जुन्याच लाकडी बल्ल्या वापरून वर टिनं ठोकून देतो म्हणाला, आणि भाव असा सांगितला की बिजलीबाई लगेच हो म्हणणार होती. संगीताने त्याला विचारलं की अशी कामं कुठे कुठे केलीत. त्याने नावं सांगितली. त्यातलं एक गाव तिच्या मावशीचं निघालं. तिने मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, "छप्पर चांगलं होतं बाई. मागच्या वावधनात वाऱ्यानं उडून शेजारच्या वावरात जाऊन पडलं." तो विषय तिथेच संपला.

दुसरा घाटंजीचा रामराव. त्याचं दुकान होतं, मोबाईलमध्ये रंगीत पत्र्यांच्या घरांचे फोटो होते, बोलणं गोड होतं. त्याने फीत लावून मोजमाप घेतलं आणि सांगितलं की आढ्यापासून तुमची बाजू कापू, लोखंडी पाइपाचा सांगाडा उभा करू, वर रंगीत पत्रा. तुमच्या अर्ध्या भागाचे सत्तर हजार, साहित्यासकट.

"आन् पलीकडची बाजू?" संगीताने विचारलं.

"त्याईचं त्याईनं पाहावं. मध्ये पट्टी मारून देऊ आपण."

आकडा मोठा होता, पण काम पक्कं वाटत होतं. संगीताने पुन्हा तोच प्रश्न विचारला, अशी कामं कुठे केलीत. रामराव खूश झाला. घाटंजीत कमलाकरजींचं घर आहे, म्हणाला, मोठे ऑफिसातले माणूस, आता रिटायर झालेत. मीच केलंय त्यांचं. जाऊन पाहा, बाईंना विचारा.

बाजाराच्या दिवशी संगीता बसने घाटंजीला गेली. मशीनचं चाक दुरुस्तीला टाकलं आणि पत्ता विचारत कमलाकरजींच्या घरी पोचली. कमलाकरजींच्या पत्नी, शीला, यांनी दार उघडलं. आत खुर्चीच्या अगदी कडेला, हातात चहाचा कप धरून मोतीबाई बसली होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनीही नजर दुसरीकडे वळवली. शीलाताईंच्या ते ध्यानात आलं नाही. त्या म्हणाल्या, "बसा ना. तुम्हीही रामरावांनीच पाठवलंय ना? तुम्ही दोघी एकाच घरच्या का? मला तर तांड्यावरचं एकच घर सांगितलं होतं त्यांनी."

मोतीबाईने कप खाली ठेवला. "घर एकच हाय," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "दरवाजे दोन हायत."

शीलाताई मोकळ्या बाई होत्या. पत्रा कसा, पावसात आवाज किती, उन्हाळ्यात आत किती तापतं, ते सगळं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पत्रा चांगला आहे, म्हणाल्या, त्यात खोट नाही. मग त्या दोघींना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि वर बोट दाखवलं. भिंतीच्या वरच्या अंगाला पिवळट डाग होता, खालपर्यंत ओघळ आलेला.

"इथे आमचं छप्पर शेजाऱ्यांच्या छपराला भिडतं. पहिल्याच पावसाळ्यात इथून पाणी आलं. रामराव एकदा येऊन गेले, पट्टी मारली, मग फोनच उचलेनात. शेवटी पारवा गावचे ठेकेदार वामनराव आले. त्यांनी बघितलं आणि सांगितलं की जोड आहे तिथे गळणारच, शेजाऱ्यांना सोबत घ्या. शेजाऱ्यांशी बोललो, दोन्ही बाजू उघडल्या, तेव्हा थांबलं. वामनराव सांगितल्या दिवशी कधी येत नाहीत हं. पण येतात."

त्यांनी वामनरावाचा नंबर दोघींनाही दिला.

बाहेर पडल्यावर दोघी थोडं अंतर ठेवून चालल्या. बाजारातून मोतीबाईने मिरच्या घेतल्या, संगीताने मुलीसाठी टरबूज घेतलं. पण तांड्याच्या फाट्यावर उतरवणारी गाडी एकच होती. स्टँडवर सावलीत बाक एकच रिकामं होतं. दोघी त्याच्या दोन टोकांना बसल्या.

मग मोतीबाई समोर बघतच म्हणाली, "तुमाले किती सांगतले त्यानं?"

"सत्तर. तुमाले?"

"बहात्तर. आमची बाजू वाऱ्याची हाय म्हणे." ती संगीताकडे वळली. "आढं धरून का?"

"आढं धरून."

"आमालेही आढं धरूनच."

दोघींच्याही डोक्यात एकच हिशेब चालला होता. घरावर आढं एकच होतं, आणि रामरावाने त्याचे पैसे दोन्हीकडे लावले होते. मोतीबाईला आधी हसू आलं. तोंडाला पदर लावून ती हसू लागली, मग संगीताही. नंतर संगीता म्हणाली की त्याला तरी काय बोलायचं, आमच्या बांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याला बजावलं होतं की पलीकडे काही सांगू नको. मोतीबाईने मान डोलावली. तिच्या नवऱ्यानेही तेच बजावलं होतं. त्यांच्या बाजूचं लाकूडही त्या दिवशी सरकलं होतं, चुलीवर माती पडत होती, पण हिरासिंगने तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

गाडी यायच्या आत मोतीबाईने मोबाईल काढला. "लाव त्या वामनरावाले," ती म्हणाली. "मले नंबर लावता येत नाई."

संगीताने घरी काही लपवलं नाही. संध्याकाळी रामसिंगला जेवायला वाढताना तिने सगळं सांगितलं. घाटंजीला कोण भेटलं, काय बोलणं झालं, तिसरा ठेकेदार बोलावलाय आणि तो दोन्ही बाजू बघणार आहे. रामसिंगचा घास हातात राहिला. त्याने विचारलं की मी काय सांगितलं होतं. ती म्हणाली, "ध्यानात हाय, बा. पण जोड गळते. म्या डोळ्यानं पाह्यलं. पैसे टाकून पाणी घरात घ्यायचं तं कायले टाकायचे?"

रामसिंग जेवण अर्ध्यावर ठेवून उठला नाही. पण त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. बिजलीबाई तिच्या बाजूने होती की नव्हती ते कळलं नाही. तिने एवढंच केलं की वामनराव येणार होता त्या दिवशी अंगणात दोन खाटा टाकल्या.

वामनराव त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संगीताला वाटलं, हेही गेलं. मग एका सकाळी तो मोटारसायकलवर आला, उशिराबद्दल काही बोलला नाही, घराभोवती एक चक्कर मारली आणि दोन्ही दारांतून आत जाऊन वर पाहिलं. बाहेर येऊन तो खाटेवर बसला. तोवर हिरासिंग आपल्या दारात येऊन उभा राहिला होता. रामसिंग आपल्या ओसरीवर होता. मध्ये अंगणाचा तुकडा.

वामनराव म्हणाला, अर्धं छप्पर मी करत नाही. करून देणारे आहेत, त्यांच्याकडून घ्या, माझी हरकत नाही. दोन्ही मिळून करायचं असेल तर सांगाडा एक उभा राहील, मजुरी एकदाच लागेल, जोड राहणार नाही. सगळं मिळून एक लाख पंधरा हजार. वाटणी तुमची तुम्ही करा.

संगीताने मनातल्या मनात निम्मे केले. रामरावापेक्षा बारा-तेरा हजारांनी कमी पडत होतं. मोतीबाईनेही केले असावेत, तिने संगीताकडे बघून पापणी लववली. पण बोलायचं होतं ते पुरुषांनी, आणि दोघंही बोलेनात. वामनरावाने तंबाखू मळली, तोंडात टाकली, फीत गुंडाळायला घेतली.

मग रामसिंग बोलला. इतक्या वर्षांनी भावाकडे तोंड करून तो बोलला, आईसाठी त्यांच्या गोरबोलीतला शब्द वापरत, हळू, जणू रोजच बोलत होता तसा. "याडी गेली तवा तू माह्यासाठी थांबला नाही. आता छपरासाठी म्या तुह्यासंगं काहून यावं?"

हिरासिंगने दाराची चौकट धरली होती.

"थांबलो होतो, भिया," तो म्हणाला.

रामसिंगने मान वर केली.

"फाट्यावर उभा होतो. पांढरकवड्याकडून येणाऱ्या सगळ्या गाड्या पाह्यल्या. शेवटची गाडी आली, तू उतरला नाही. वापस आलो तं लोकं म्हणे उन्हाचे दिवस हायत, आता ठेवता येत नाही. तरी म्या दिवस बुडू देल्ला. मंग हो म्हणलं."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तू अंगणात आलाच नाही. राखेजवळून उठला आन् तोंड फिरवून गेला. विचारलं असतं तं सांगतलं असतं." हिरासिंगने चौकट सोडली. "म्या बी वाट पाह्यली, तू विचारशीन म्हणून."

बिजलीबाई खाली बघत होती. मोतीबाईने डोळ्यांना पदर लावला. तिला हे सगळं ठाऊक होतं, पण सांगायचं कुणाला, हेच तिला कधी कळलं नव्हतं.

रामसिंग ओसरीवर बसून होता. त्या दिवशी आपण आदिलाबादहून निघालो तेव्हा मधल्या गाडीने वाटेत किती वेळ घालवला, हे तो आठवत असावा, किंवा नुसताच मनातल्या मनात त्या फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघत असावा. वामनराव उठून मोटारसायकलकडे निघाला, तेव्हा रामसिंगने त्याला हाक मारली.

"भाऊ, फीत काढा," तो म्हणाला. "दोन्ही बाजूचं एकच माप घ्या."

भाऊ त्या दिवशी गळ्यात पडले नाहीत. माप घेताना फितीचं एक टोक रामसिंगने धरलं, दुसरं हिरासिंगने, आणि वामनराव आकडा वाचायचा. एवढंच झालं. संगीताने चहा केला तेव्हा हिरासिंग तिच्या ओसरीच्या पायरीवर बसून तो प्याला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असंही नाही. पत्र्याच्या रंगावरून आठवडाभर अडलं. बिजलीबाईला लाल हवा होता, हिरासिंगला निळा. लाल पत्रा जास्त तापतो का, यावर दोन्ही भाऊ तावातावाने भांडले, आणि तांड्यातली माणसं थबकून ऐकू लागली. भांडण का होईना, बोलणं चाललं होतं. शेवटी वामनरावाकडे होता तो फिकट हिरवा आला. तो कुणालाच नको होता, त्यामुळे कुणाची तक्रारही राहिली नाही.

पैशांचं बोलणं संगीताने केलं. सुरुवातीला थोडे, सांगाडा उभा झाल्यावर थोडे, आणि शेवटचा हप्ता पाणी टाकून पाहिल्यावर. वामनराव म्हणाला, पाणी कुठून टाकणार, पाऊस यायला वेळ आहे. ती म्हणाली, ते आमचं आम्ही पाहू.

जुनं छप्पर उतरवलं त्या दिवशी दोन्ही घरं एकदम उघडी झाली. सामान अंगणात आलं, वर ताडपत्री बांधली. दोन चुली मांडायला जागा नव्हती, म्हणून एकच मांडली. पहिल्या दिवशी बिजलीबाई आणि मोतीबाई दोघी भाकरी थापायला बसल्या आणि कोणी आधी टाकायची यावरून जरा अडखळल्या. मग मोतीबाईने परात पुढे सरकवली. वडिलांचं ते आढं खाली उतरवलं तेव्हा आतून पूर्ण भुसा झालेलं निघालं. दोघा भावांनी ते उचलून अंगणाच्या कडेला नेलं. रामसिंग म्हणाला की हे आणताना बांचा खांदा सोलून निघाला होता. हिरासिंग म्हणाला, "तुहाबी निघालता."

मधली भिंत तशीच राहिली. दोन घरं दोनच राहिली. भिंत पाडायचा विषय कुणी काढला नाही आणि कुणाला तशी गरजही वाटली नाही.

सांगाडा उभा झाला, पत्रे चढले. वामनराव मध्येच चार दिवस गायब झाला. कुणाच्या तरी लग्नाला गेला होता. रामसिंग चिडला, हिरासिंगने फोन केला, आणि तो परत आला. काम पुरं झाल्यावर संगीताने सुनीलला टाकीवरून लांब नळी ओढायला लावली. हिरासिंग शिडीवर चढला आणि आढ्याच्या पट्टीवर धो धो पाणी सोडलं. आत एका खोलीत बिजलीबाई, दुसरीत मोतीबाई, वर बघत फिरत होत्या.

"टिपकून राह्यलं," मोतीबाई आतून ओरडली. कोपऱ्यात एका बोल्टाखाली थेंब धरत होता. वामनराव वर चढला, बोल्ट काढला, खालचं रबर बदललं आणि पुन्हा आवळला. परत पाणी सोडलं. या खेपेला दोन्ही खोल्या कोरड्या राहिल्या. वामनराव खाली उतरल्यावर म्हणाला, अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती माझी. रागावला नव्हता. आपल्या सगळ्या घरांना अशीच घ्यायला सांगतो, म्हणाला.

मशीनचं चाक सरळ होऊन आलं होतं. संगीताने मशीन नव्या छपराखाली खिडकीजवळ मांडलं. लग्नाचा तो ब्लाउज तिने धुऊन, उसवून पुन्हा शिवून दिला होता. नवरीने विचारलंही नाही. दरम्यान तांड्यातल्या दोन बायका येऊन गेल्या होत्या. त्यांनाही छप्पर करायचं होतं आणि ठेकेदार बघायला जाताना संगीताने सोबत यावं असं त्यांचं म्हणणं होतं. ती म्हणाली की येते, पण काकीलाही सोबत घेऊ, तिला माणूस ओळखता येतो.

शेवटचा हप्ता द्यायला पारव्याला जायचं होतं. सुनील गाडीवर गेला होता. संगीता निघणार, तेवढ्यात रामसिंग म्हणाला की मीच जातो. मोटारसायकल त्याला चालवता येत नव्हती. तो अंगणात आला, पलीकडच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि आत हाक दिली. हिरासिंग सदरा घालतच बाहेर आला.

तांड्यातून मोटारसायकल निघाली तेव्हा हिरासिंग पुढे आणि रामसिंग मागे बसला होता. लिंबाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनी विड्या हातातच ठेवल्या. संगीता आणि बिजलीबाई ओसरीवरून बघत होत्या. फाट्याच्या वळणावर गाडी जरा हळू झाली. रामसिंगने पुढे वाकून भावाच्या कानाशी काहीतरी सांगितलं, हिरासिंगने मान मागे वळवून उत्तर दिलं, आणि दोघं वळणाआड गेले.